कांचनची गिअरपेटी

बरखेडा, भोपाळ
रविवार, १६ नोव्हेंबर २००३

प्रिय नीळकंठ,

तू नाशिकला सुखरूप पोचलास, खोकला कमी आहे आणि शकुंतलेने बरोबर दिलेला दिवाळीचा उरलेला चिवडा इटारसी यायच्या आत संपवलास, हे सगळं तिने फोनवर विचारून घेतलं आहे. त्यामुळे त्या चौकशांत मी शाई घालवत नाही. मी लिहितोय ते सांगायला की मी तुझ्यावर जळतोय. आडूनआडून नाही, थेट. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने, तेही गिअर शॉपच्या फोरमनने, हे कागदावर उतरवावं का, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण तुझी गाडी सुटल्याला आठ दिवस झाले आणि अजून मी सकाळी अंगणात गेलो की पहिल्यांदा तू उभा राहायचास ती जागा दिसते, आणि चहा कडू लागतो.

भाऊबीजेला तू मालतीकडे शाहपुऱ्याला आलास, ते ठीक. बहिणीकडे भावाने यावंच. पण दोन दिवसांत तिथला मुक्काम हलवून तू आमच्या क्वार्टरमध्ये आलास, का, तर म्हणे तुला बरखेड्याची हवा मानवते. एकोणतीस वर्षं याच टाउनशिपमध्ये होतास तेव्हा रोज सकाळी या हवेला नावं ठेवायचास. आणि नेमकी त्याच आठवड्यात कांचन तिची ती जीप घेऊन, पंधरा दिवसांची रजा टाकून घरी आली. मी तिची वाट बघत होतो, नीळकंठ. तुझी बघत नव्हतो. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे.

तिचं काम तुला ठाऊक आहे. तामियाकडच्या डोंगरांत कड्याकपारीत ती गिधाडांची घरटी मोजत फिरते. माझी मुलगी, जिच्या बापाने एकतीस वर्षं दाते पाडले, ती गिधाडं मोजते. मंडळात कुणी विचारलं की मी 'सर्व्हेचं काम करते' एवढंच सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये एका उतारावर तिच्या जीपने तिला दगा दिला. सगळ्यात खालच्या गिअरमध्येसुद्धा गाडी उतारावर पळत होती, ब्रेक दाबून दाबून तापले, आणि शेवटी तिने गाडी एका मोहाच्या झाडाला टेकवली म्हणून नाल्यात गेली नाही. आम्हाला हे तिने जूनमध्ये सांगितलं. तेव्हाच ठरलं की गिअरबॉक्सच्या मागे लटकणारी जी दुसरी पेटी असते, चारही चाकांना ताकद वाटून देणारी, जिला ट्रान्सफर केस म्हणतात आणि जिला तू आल्याबरोबर 'धाकटा गिअरबॉक्स' म्हणालास, तिच्यातले गिअर बदलून आणखी खालचे घालायचे. म्हणजे गाडी उतारावर माणसाच्या चालीने उतरेल आणि ब्रेकवर जीव टांगायला नको.

मी लगेच म्हटलं, नमुना आण, मी बाहेरच्या एखाद्या कारखान्यात ओळखीने कापून घेतो, दाते मी स्वतः तपासतो. तर तिने तोपर्यंत कुणा सहकाऱ्याच्या भावाकरवी परदेशातून तयार संच मागवलासुद्धा होता. तो खोका तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडला तेव्हा मी एक गिअर उचलून खिडकीपाशी उजेडात धरला. खोट काढायला धरला होता. तिरपे दाते, कडेला सुईच्या टोकाइतकीही खरवड नाही. पाच मिनिटं बघितला आणि गप ठेवून दिला. म्हणजे जळायची सुरुवात तुझ्यापासून नाही झाली, त्या गिअरपासून झाली. पण गिअरला पत्र लिहिता येत नाही.

तरी बाकीचं काम माझंच, असं मी धरून चाललो होतो. दसऱ्यापासून तयारी करत होतो. वाळू भरलेले दोन ड्रम, जीप वर टेकवायला. पॅकिंगच्या खोक्यांचे सागवानी ठोकळे. पेटी खाली घ्यायला चाकांची एक घोडी मी स्वतः वेल्ड करून घेतली. पाने रॉकेलने धुऊन, पुसून, मापाप्रमाणे गोणपाटावर लावले. शकुंतलेची जुनी परात तेल काढायला मागून ठेवली. मी आठ दिवसांची रजा टाकली, आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं की मुलगी येतेय, घरी काम आहे. ते म्हणाले लग्न का? मी म्हटलं त्याहून अवघड.

आणि मग ती पहिली सकाळ. तू पोह्यांवर शेव घालत बसला होतास. कांचन जुना सलवार कमीज घालून, केस बांधून आली. मी उठलो, बाह्या वर केल्या. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा, आणि विचारलं काय, तर ते दोन ड्रम वापरू का. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही बस उभे रहा आणि चुकलं की सांगा. हात लावायचा नाही."

नीळकंठ, ते वाक्य मला अजून पाठ आहे. तुला! ज्याच्या पंख्याचा कपॅसिटर मी बदलला, ज्याच्या सायकलची चेन मी चढवली, ज्याने जन्मात स्वतःच्या हाताने एक नट आवळला नाही, त्याला. आपण दोघं बहात्तर साली एकाच दिवशी रुजू झालो, होस्टेलच्या एका खोलीत राहिलो, आणि दुसऱ्याच महिन्यात मी बनवणारा झालो आणि तू तपासणारा. मी दिवसभर काळा होऊन काम उभं करायचं आणि तू पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून यायचंस, गेज लावायचंस आणि खडूने फुली मारायचीस. तुमच्या खात्याचा नियमच तो, इन्स्पेक्टरने कामाला हात लावायचा नाही. चूक दिसली तर सांगायची, दुरुस्ती ज्याची त्याने करायची. मी त्या नियमाला आयुष्यभर हसलो. आम्ही शॉपमध्ये म्हणायचो, बघा, कामाला हात न लावता पगार घेणारी जात.

नऊ दिवस मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून तुम्हा दोघांना बघितलं. पेपर उलटा धरला तरी कुणाला कळलं नसतं. जीप ड्रमांवर चढली. तिने तेल काढलं, पेटीला जोडलेले तीनही शाफ्ट सोडवले. सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर तिने खडूने खूण केली, म्हणजे परत जिथल्या तिथे बसतील. ते तिला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. मग मागचा एक बोल्ट अडला. गंजलेला, जागचा हलेना. दीड तास ती गाडीखाली पडून होती. मी पाच मिनिटांत काढला असता, पान्याला लांब पाइप लावून. मी उठून दोन पायऱ्या उतरलो तर तू मागे न बघता, मागे बांधलेल्या हाताचं एक बोट नुसतं वर केलंस. थांब म्हणून. माझ्या अंगणात, माझ्या मुलीच्या गाडीपाशी, मला थांब! मी थांबलो, कारण शकुंतला दारात उभी होती आणि तिनेही तेच केलं, फक्त डोळ्यांनी. शेवटी कांचनने तो बोल्ट रॉकेल घालून, ठोकून, पुढेमागे करत काढला आणि गाडीखालून बाहेर आली. कपाळावर ग्रीस, कोपर सोललेलं, आणि तो बोल्ट तिने तुझ्यासमोर धरला. तू चष्मा वर करून बघितलास आणि म्हणालास, आटे शाबूत आहेत. ती हसली ना, ते हसू मी अठ्ठावीस वर्षांत आमच्या घरात बघितलेलं नाही. मी पेपर घडी करून आत गेलो आणि शकुंतलेला विनाकारण म्हटलं की भाजीत मीठ जास्त पडलंय. भाजी अजून चुलीवर चढायची होती.

तेव्हापासून मी जुनं आठवत बसलोय. ती सहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने कप्प्यांची छोटी लिफ्ट केली होती. दोरी घसरायची. ती शेजारी खेळायला गेली तेवढ्यात मी ती खोलून नव्याने बांधली, कप्पे लेथवर फिरवून आणले. पहिला नंबर आला. प्रशस्तिपत्रक तिने घरी आणलंच नाही, बाई म्हणाल्या वर्गात विसरली. मी तिला विसरभोळी म्हणून रागावलो. सायकलचं पंक्चर ती काढायला बसली की मी म्हणायचो, आण इकडे. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, आण इकडे. तिच्या हातातला पाना मी कितीदा घेतला असेन! प्रेमानेच घेत होतो रे. पोरीचे हात काळे होऊ नयेत, तिला लागू नये, आणि खरं सांगायचं तर मला ते तिच्यापेक्षा चांगलं येत होतं. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणला तेव्हा तिने तो टेबलावर तसाच ठेवला आणि प्राणिशास्त्राला गेली. मला वाटायचं तिला यंत्रांचा कंटाळा आहे. तो बोल्ट धरून हसणारी मुलगी बघेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

पेटी खाली उतरली, तिने उघडली, जुने गिअर काढले. नवा मोठा गिअर आतल्या भिंतीला घासत होता म्हणून दोन दिवस कानशीने ती भिंत तिने आतून उतरवली, एका ठिकाणी, जपून. तू नुसता टॉर्च धरलास. मग गिअर बसवले आणि जोडातून तेल गळू नये म्हणून लावतात ती लाल पेस्ट लावायच्या आधी पेटी कोरडीच, चार बोल्टांवर बंद केली, फिरवून बघायला. तो मंगळवार होता. जेवायला तुम्हा दोघांना मालतीकडे जायचं होतं, म्हणून कांचनने पेटीवर कापड टाकलं, हात धुतले आणि तुला स्कूटरवर मागे बसवून शाहपुऱ्याला नेलं. स्कूटर कोपऱ्यावरून वळली आणि मी पायऱ्या उतरलो.

मला फक्त बघायचं होतं. असं मी स्वतःला सांगितलं. मी कापड बाजूला केलं आणि शाफ्टचं तोंड हाताने फिरवलं. हलकं, हलकं, मग एका जागी जड. पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी. काय आनंद झाला म्हणून सांगू! मुलीच्या गाडीत दोष आहे आणि बापाला आनंद. ही पेटी अशीच घाटात गेली असती तर आतून खाल्ली गेली असती, पोर पुन्हा उतारावर अडकली असती, आणि मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं ते काय, तर नीळकंठला दिसलं नाही. मी चार बोल्ट काढले. मधल्या गिअरच्या बाजूला जो पातळ वॉशर असतो, एका अंगाला छोटा कान असलेला, तो उलटा बसला होता. कान पेटीकडे हवा, तो गिअरकडे होता. मी तो सुलटा केला, पेटी बंद केली, फिरवली. लोण्यासारखी फिरली. मग हातोडी आणि पंच घेऊन जोडावर, दोन्ही अंगांना एकेक, असे दोन ठिपके ठोकले. ठोकल्यावर भानावर आलो. जोड लागला की खुणेचे ठिपके ठोकायचे, एकतीस वर्षांची सवय, हाताने विचारलंच नाही. आता ते पुसता येत नव्हते. कापड टाकलं आणि हात रॉकेलने धुतले.

तुम्ही चारला आलात. कांचन स्कूटर लावून तडक पेटीपाशी गेली. तिने शाफ्ट फिरवला. थांबली. उलटा फिरवला. मग खाली मांडी घालून बसली आणि किती तरी वेळ फिरवतच राहिली, कान लावून, डोळे मिटून. मी व्हरांड्यातून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ कशी फिरतेय, बापाचा हात लागलाय. तिने बोल्ट काढले, पेटी उघडली, आत बघितलं. वॉशर सुलटा. तिचा चेहरा उतरला ते मी बघितलं, पण मला वाटलं उन्हातून आलीय, दमली असेल. तू मात्र पेटीवर वाकलास, ते दोन ठिपके तुला दिसले, आणि तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. आयुष्यभर माझं काम बघितलेला माणूस, ठिपके माझे आहेत हे न ओळखायला काय झालं! मी पेपर तोंडासमोर धरला. कांचनने विचारलं नाही. तिला वाटलं असेल पहिल्यापासूनचेच आहेत.

पेस्ट लागली, पेटी वर चढली, तेल भरलं, आणि शुक्रवारी केरव्याच्या धरणामागच्या टेकडीवर आपण चौघं गेलो. त्या दगडी उतारावर तिने ब्रेकवरचा पाय काढून वर घेतला आणि गाडी मुंगीसारखी उतरली. शकुंतलेने डोळे मिटून घेतले होते तेही उघडले. खाली पोचल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली. आणि तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला शप्पथ वाटलं होतं की आत काहीतरी अडकतंय. माझ्या हाताला काही कळत नाही. तुम्हीच बघायला हवं होतं." नीळकंठ, हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते तुला सांगून कळणार नाही. तू शेजारी उभा असताना तिने ते मला म्हटलं. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तुझ्याकडे बघून मुद्दाम हसलोसुद्धा. तू आमटी मागून घेतलीस.

आणि शनिवारी फलाटावर, गाडीने शिट्टी दिल्यावर, तू खिडकीतून मला सगळं सांगितलंस. वॉशर उलटा जाताना तू बघितला होतास. बोलला नाहीस, कारण तुला ते तिच्या हाताला कळायला हवं होतं. आणि कळलं होतं. मंगळवारी सकाळी बंद करून फिरवताना तिला तो जडपणा लागला होता. परत येताना तलावाच्या काठी स्कूटर थांबवून ती तुला म्हणाली होती की काका, मधल्या गिअरचा डावीकडचा वॉशर उलटा बसलाय बहुतेक, जाऊन आधी तो बघते. न उघडता! नुसत्या हाताच्या जाणिवेवरून आणि डोक्याने! माझ्या शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसांना हे जमत नाही, नीळकंठ. आणि ती धावत येऊन बघते तर सगळं सुलटं. मी म्हटलं, मग तू तिला तिथेच का नाही सांगितलंस? तेव्हा तू म्हणालास, "मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे, आणि तुझ्या कामाला मी कधी हात लावला नाही." गाडी हलली. मी फलाटावर उभा राहून तुला दोन शिव्या दिल्या, त्या तुला ऐकू गेल्या नसतील.

तरी मी सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते सोडवत नव्हतं. ती रविवारी तामियाला परत जायला निघाली तेव्हा मला म्हणाली, बाबा, एकदा सगळे बोल्ट तुम्ही बघून द्या. मी बघून दिले. मंगळवारी फोन, बाबा, गाडीखालून बारीक आवाज येतोय, तुम्हाला काय वाटतं. बुधवारी पुन्हा. अठ्ठावीस वर्षांत तिने मला एवढे फोन केले नव्हते. मी खुर्ची फोनजवळ हलवून घेतली होती. आणि गुरुवारी तिने तामियाच्या बूथवरून सांगितलं की घाटाच्या रस्त्याला आता संस्थेचा ड्रायव्हर तिची गाडी चालवेल, तिने तसा अर्ज दिला आहे. मला काही बिघडलं तरी समजत नाही, उगाच कशाला जोखीम, असं म्हणाली. आवाज अगदी साधा होता. जी पोरगी चार वर्षं एकटी त्या डोंगरांत फिरली, एप्रिलमध्ये नाल्याच्या तोंडातून परत येऊनही ज्या पोरीने गाडी सोडली नाही, उलट ती स्वतः खोलायला घेतली, तिने किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. मी 'बरं केलंस' म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

फोन ठेवला तर शकुंतला मागे उभी. त्या मंगळवारी स्वयंपाकघरात तिने दोन ठोके ऐकले होते, आणि खिडकीतून मला बघितलंही होतं. इतके दिवस बोलली नाही. लिफ्टच्या वेळीही बोलली नव्हती, असं आता म्हणते. गुरुवारी बोलली. "ती डोंगरात एकटी असेल तेव्हा कोण जाणार आहे मागून पेटी उघडायला?" एवढं म्हणून ती कणीक मळायला गेली. मी जेवलो नाही. तीन दिवस झाले, माझं आणि तिचं कामापुरतंच बोलणं आहे.

मी अजून जळतोच आहे, तुला वाटेल आता याचं सगळं निवळलं असेल, तर नाही. तू तिला नऊ दिवसांत जे दिलंस ते मला देता आलं नाही, आणि तू तर काहीच न करता दिलंस, नुसतं उभं राहून. मला उभं राहता येत नाही. माझे हात मागे बांधलेले राहतच नाहीत. पण जळतोय म्हणून खरं दाबून ठेवावं इतका मी अजून वाया गेलेलो नाही.

काल तीन वेळा मी कागद घेऊन 'प्रिय कांचन' लिहिलं. पहिल्यांदा दुसऱ्याच ओळीत पेटीतलं तेल कधी बदलायचं ते लिहिलं. दुसऱ्यांदा बोल्ट कुठले आणि किती आवळायचे. तिसऱ्यांदा वॉशर ओळखायची खूण. तिन्ही फाडले. तिला लिहायला बसलो की मी पुन्हा तिच्या हातातला पाना घ्यायला लागतो. मग तुझ्या नावाने भांडायला बसलो, तेव्हा कुठे जसं घडलं तसं उतरलं. म्हणून, नीळकंठ, हे पत्र तुला येणार नाही. पाकिटावर मी तामियाचा पत्ता घातला आहे आणि तिकीट लावलं आहे, उद्या सकाळी कामावर जाता जाता पिपलानीच्या पोस्टात टाकणार. कांचन, तू इथपर्यंत वाचलं असशील तर हे तुझ्यासाठीच आहे. वॉशर उलटा होता. तू शाहपुऱ्याला गेलीस तेव्हा मी पेटी उघडून तो सुलटा केला आणि तुला सांगितलं नाही. त्या ड्रायव्हरचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मी काही सुचवत नाही. तुला अडकतंय असं वाटलं, ते खरंच अडकत होतं. तुझ्या हाताला बरोबर कळलं होतं.

तुझाच,
बाबा